आजोबा गप्प बसलेच नव्हते : नववीच्या एका फिल्मचं प्रकरण

लालबाग-परळ पट्ट्यातली एक अनुदानित मराठी शाळा, नववीचा वर्ग, तीन मिनिटांची एक डॉक्युमेंटरी आणि तिच्यातला जेमतेम नऊ सेकंदांचा एक शॉट, ज्याच्यावरून शाळेत चांगलंच वाजलं. शाळेत फिल्म आणि मीडिया शिकवायचं म्हणजे नक्की काय शिकवायचं असं कोणी विचारलं की मी हेच प्रकरण सांगते, आता एकदाचं नीट लिहूनच टाकते. शाळेचं नाव देत नाही, मुलांची तर नाहीच नाही, पोरं अजून लहान आहेत आणि आजोबा त्याच चाळीत राहतात.

आधी थोडं मागचं सांगते. आपल्या एसएससी बोर्डाला फिल्म किंवा मीडिया असा सगळ्यांसाठी वेगळा विषय नाही. सीबीएसईला अकरावी-बारावीत मास मीडिया स्टडीज आहे, आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डवाल्यांना डिप्लोमाला फिल्म हा रीतसर विषय आहे, तिथली पोरं एखाद्या सिनेमातला पाच मिनिटांपर्यंतचा तुकडा घेऊन त्यावर लांबलचक लिहितात, स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ करतात वगैरे. तिथल्या फिया ऐकल्या की आपण लांबूनच नमस्कार करायचा. आपल्याकडे काय आहे तर दहावीच्या इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' आणि 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' हे दोन धडे, आणि नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद', ज्याचा तास कुठे जातो ते विचारू नका, पोर्शन राहिलेल्या गणिताला जातो.

या शाळेतल्या इतिहासाच्या बाई जरा वेगळ्या. त्यांचं म्हणणं, दहावीला हे दोन धडे घोकून घेण्यापेक्षा नववीतच पोरांच्या हातून काहीतरी करून घेऊ. मुख्याध्यापक सरांनी शनिवारचे शेवटचे दोन तास दिले, शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे डबा खायची घाई आणि घरी पळायची घाई दोन्ही, पण दिले. मी एडिटर आहे, अंधेरीत एका ऑफिसात बसते, सिरियल, जाहिरात, वेब सिरीज जे येईल ते कापते. बाई ओळखीच्या, त्यांनी बोलावलं म्हणून शनिवारी जायला लागले.

सुरुवात फाळक्यांपासून केली कारण ते पुस्तकात आहेत. १९१३, राजा हरिश्चंद्र, पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट, एवढं सगळ्यांना पाठ. पण तो लागला होता गिरगावात कोरोनेशनला, म्हणजे इथून बसने जाऊन येता येईल एवढ्यावर, आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके म्हणून एक पुरुष, कारण तेव्हा बाई मिळेना, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरची मंडळी जागी झाली. त्याच्याही आधी ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, ती इमारत अजून काळा घोड्याला मोडकळीला आलेली का होईना उभी आहे. एक पोरगा म्हणाला मॅडम म्हणजे सिनेमा आपल्याच इथला की. म्हटलं आपल्याच इथला.

मग कुलेशॉव्हचा प्रयोग. रशियातला दिग्दर्शक, शंभर वर्षांपूर्वीचा. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घ्यायचा आणि त्याच्यापुढे एकदा सूपची वाटी जोडायची, एकदा शवपेटी, एकदा बाई. बघणाऱ्याला वाटतं चेहरा बदलतोय, भूक दिसते, दुःख दिसतं, चेहरा असतो तोच. आम्ही शाळेच्या शिपाई काकांचा चेहरा शूट केला आणि एकदा वडापाव, एकदा रिकामा वर्ग, एकदा हार घातलेला फोटो असं जोडून दुसऱ्या तुकडीला दाखवलं. त्यांनी बरोब्बर तीन वेगळी उत्तरं दिली, काका भुकेले आहेत, काका एकटे आहेत, काकांच्या घरी कोणी गेलंय. काकांना विचारलं तर म्हणाले, मी तर घड्याळ बघत होतो, घंटा द्यायची होती. वर्ग हसून लोळला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. प्रोजेक्ट असा होता की गट पाडून गिरणगावातल्या एका गोष्टीवर तीन मिनिटांची फिल्म करायची, मोबाईलवरच. कोणी भारतमाता थिएटर घेतलं, कोणी पतंगवाला, कोणी मसाल्याची गल्ली. एका गटाने घेतले आजोबा. गटातल्या एका मुलीचे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते आणि १९८२ च्या संपात होते. संपाबद्दल पोरांना फार माहिती नव्हती, बाईंनी एक तास त्याच्यावर घेतला: १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार, मान्यताप्राप्त युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ पण कामगार गेले सामंतांच्या मागे, आणि संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांना पुस्तकातल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि तरी घरात त्याच्यावर कोणी बोलत नाही, हेही गिरणगावातल्या लोकांना सांगायला नको.

शूटिंग रविवारी, चाळीतल्या खोलीत. गटात पाच जण: नात, प्रश्न विचारणारा, कॅमेरावाला, आवाजवाली आणि एडिटिंग करणारा पोरगा. या शेवटच्याकडे मोठ्या भावाचा जुना फोन आणि त्यात काईनमास्टर हे एडिटिंगचं अॅप, कोपऱ्यात वॉटरमार्क येतो तो तसा. पोरगा अभ्यासात यथातथा, पण शनिवारी सगळ्यात आधी हजर.

कच्चं फुटेज मी नंतर पूर्ण पाहिलंय, म्हणून सांगते काय काय बिघडलं होतं. फोन तांदळाच्या डब्यावर पुस्तकं रचून ठेवलेला, आजोबांपासून लांब, आणि आवाज त्याच फोनवर. खोलीत जुनी चोकवाली ट्यूबलाईट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही, पण फोन ऑटोवर ३० फ्रेमने शूट करत असला आणि शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) त्याच्याशी जुळलं नाही की चित्रात वरून खाली काळपट पट्टे सरकत राहतात. शटर १/५० किंवा १/१०० ला लॉक केलं की बहुतेक वेळा काम होतं, पण तो तास अजून व्हायचा होता. पंखा पोरांनी बंद केला होता, आजींनी परत लावला, एवढ्या उकाड्यात म्हाताऱ्याला काय मारताय का म्हणून, आणि आजींचंही बरोबर होतं. शेजारी सिरियल चालू. आणि आत कुकर.

तर प्रश्न होता, "आजोबा, संप केला ही चूक झाली असं वाटतं का?" नववीच्या पोराने हा प्रश्न सरळ विचारला याचं मला अजून कौतुक वाटतं, मोठी माणसं घुमवून फिरवून विचारतात. आणि आजोबा गप्प वगैरे काही बसले नाहीत. लगेच सुरू झाले. चूक कुणाची म्हणून विचारतोस, इथपासून बोनस, बदली कामगारांचे हाल, युनियनची वर्गणी कोण कापायचं, कोण गावाला निघून गेला आणि कोण चोरून कामावर गेला, मध्ये एकदा कुठल्या तरी मुकादमाला शिवी, असं जवळजवळ दोन मिनिटं. आणि शेवटी म्हणाले की पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन. हे "पुन्हा जाईन" म्हणताना कुकरची शिट्टी. बरोब्बर त्याच शब्दांवर, शब्द ऐकू येतात पण कान देऊन.

घरी बसून पोराने हे पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. चित्रात पट्टे, आवाजात शिट्टी, उत्तर लांब, फिल्म तीन मिनिटांची. मग त्याला शूटिंगच्या आधीचा एक तुकडा सापडला. कॅमेरा चालू झालेला पण प्रश्न सुरू व्हायचे होते, ट्यूब अजून लावलेली नव्हती, खिडकीतून उजेड येत होता, म्हणून चित्र एकदम स्वच्छ. त्यात आजोबा आतल्या बाजूला बघतात, मग मान खाली घालतात, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसतात. चहा कधी येतोय ते बघत होते, एवढंच. नऊ सेकंद.

पोराने काय केलं, प्रश्न ठेवला, काळ्या पडद्यावर नुसता आवाज. त्याच्यानंतर हे नऊ सेकंद, खाली बासरी. मग पडद्यावर तारीख, मग यूट्यूबवरून उचललेलं संपाचं जुनं बातम्यांचं फुटेज, मग लालबागच्या पुलावरून दिसणारे काचेचे टॉवर आणि मधे उरलेली गिरणीची एक चिमणी. संपली फिल्म. उत्तर पूर्ण गायब.

खरं सांगते, फिल्म जबरदस्त झाली होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कच्चं फुटेज माहीत नव्हतं आणि मलाही वाटलं की काय बोलतोय हा म्हातारा न बोलता. बाईंनी २० पैकी १८ दिले.

दाखवली शाळेच्या हॉलमध्ये, पालकांना बोलावून, पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर. बाकीच्या फिल्मना टाळ्या पडल्या, हिला टाळ्या पडायला वेळ लागला कारण बायका डोळे पुसत होत्या. सर उठून पहिला नंबर जाहीर करणार तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आजोबा, चढ्या आवाजात वगैरे नाही, अगदी साधं, "आरं पर मी बोललो की. गप कवा बसलो मी?"

लोक हसले, कारण त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. नात रडायला लागली.

पुढचा आठवडा शाळेत हाच विषय. बाई भयंकर चिडल्या, त्यांचं म्हणणं हे खोटं आहे, इतिहासाचा प्रोजेक्ट आहे, जिवंत साक्षीदाराची साक्ष बदललीय, मार्क रद्द. सर म्हणाले पोरं आहेत हो, एवढं काय, आणि फिल्म शाळेच्या यूट्यूब चॅनलवर टाकूया. पोराचे वडील येऊन म्हणाले सिनेमात असंच असतं मॅडम, सगळेच करतात, माझ्याच पोराला का धरताय. त्यांचं पूर्ण चूक नाहीये बरं का. आमच्या धंद्यात दुसरीकडची रिअॅक्शन आणून लावणं रोजचं आहे, रिअॅलिटी शोवाल्यांची तर त्याच्यावर घरं चालतात, जज हसतोय तो कधीच्या कधी हसलेला असतो. पोरगा मात्र एकच वाक्य धरून बसला, "पण फील तर तोच आहे ना मॅडम."

आणि शाळेत मीडिया शिकवायचा तो या वाक्यासाठी, असं माझं मत आहे. कारण बघा, हा पोरगा फिल्म शिकला नाही असं कोणी म्हणूच शकत नाही. नऊ सेकंद धरायला हिंमत लागते, माझ्याबरोबर काम करणारे चार-चार वर्षांचे असिस्टंट तीन सेकंदात घाबरून कट मारतात. प्रश्न काळ्यावर ठेवला म्हणजे विचारणाऱ्याचा चेहरा काढून बघणाऱ्यालाच प्रश्न विचारला, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. हत्यार त्याला पूर्ण कळलं होतं. ते माणसावर चाललं की काय होतं हे कळायचं होतं, आणि ते कुठल्याही धड्याने कळलं नसतं, 'माध्यमांतील माहितीची चिकित्सा करणे आवश्यक असते' हे वाक्य तो परीक्षेत लिहून पूर्ण मार्क घेऊन आला असता आणि दुसऱ्या दिवशी हाच कट मारला असता.

म्हणून मी बाईंना म्हटलं मार्कांचं नंतर बघू, आधी टाइमलाईन उघडू, म्हणजे कुठला तुकडा कुठे जोडलाय ते दिसेल. पुढच्या शनिवारी पोराने फोन आणला, प्रोजेक्टरला जोडला, आणि अख्ख्या वर्गाने फिल्म एकदा पाहिली, मग कच्चं फुटेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चहाची वाट बघण्यासकट. आजोबांना विचारून, हे महत्त्वाचं, ते म्हणाले दाखवा की, मी काय चोरी केलीय.

शिट्टी झाल्यावर सगळे हसले अर्थात. मग भांडण सुरू झालं आणि दोन तास पुरले नाहीत. एक म्हणे आजोबांना वाईट वाटतच असेल ना, मग दाखवलं तर बिघडलं काय. दुसरा म्हणे वाईट वाटतं हे तू ठरवणार का. कॅमेरावाला म्हणाला सगळी चूक ट्यूबलाईटची. यात तथ्य आहे, आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण लोकांना वाटतं खोटं एडिटिंग कोणी ठरवून, मनात काळंबेरं ठेवून करतं. बहुतेक वेळा खराब शूटिंग झाकायला करतात. चांगलं चित्र आणि खरं उत्तर एकाच शॉटमध्ये असतं तर त्या पोराने उत्तरच ठेवलं असतं. म्हणून शटर लॉक करणं, माईक म्हणून दुसरा फोन माणसाच्या खिशात ठेवणं, कुकर कधी लागतो ते आजींना आधी विचारणं, या सगळ्या गोष्टी मी टेक्निकल म्हणून वेगळ्या शिकवत नाही आता.

पण सगळ्यात भारी प्रश्न आला तो मधल्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीकडून. "मग शिपाई काकांचं चाललं, आजोबांचं का नाही?" बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी वर्गाकडे. बराच वेळ गोंधळ झाला आणि मग पोरांनीच उत्तर काढलं, तुकड्यातुकड्यांनी. काकांना माहीत होतं आपल्या चेहऱ्यावर प्रयोग चाललाय. काकांना कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून त्यांचं उत्तर बदललं असं होत नाही. काकांचं नाव, पत्ता, आयुष्य त्यात नव्हतं. आणि आम्ही शेवटी सांगितलं होतं की हे असं केलंय. आजोबांच्या फिल्मला डॉक्युमेंटरी म्हटलं होतं, खाली त्यांचं नाव आणि 'माजी गिरणी कामगार' लिहिलं होतं, आणि त्यांना स्वतःला ते हॉलमध्ये कळलं. फिक्शन आणि डॉक्युमेंटरी यातला फरक मी व्याख्या देऊन सांगितला असता तर एवढा नीट सांगता आला नसता.

नातीचं वेगळं सांगायला पाहिजे. ती शूटिंगला हजर होती. आजोबा बोलले हे तिने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं आणि फिल्म तयार झाल्यावर तिने आधी पाहिली होती. मग बोलली का नाही? तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं तर म्हणाली, एडिटिंग त्याचं होतं, आणि मला आवडली फिल्म, त्यात आजोबा मोठे वाटत होते. शेवटचा भाग ऐकून बाईसुद्धा जरा थांबल्या. घरात रोज बडबड करणारा, कुरकुर करणारा म्हातारा आणि पडद्यावर गंभीर, गप्प, बासरीसकट आजोबा, चौदा वर्षांच्या मुलीला दुसरे आवडले यात तिचं काय चुकलं. आपण सगळेच गिरणी कामगार असाच बघायला शिकलोय, हरलेला, गप्प, चष्मा पुसणारा. त्या पोराने तो चेहरा हवेतून आणला नव्हता, टीव्हीवर, बातम्यांत, सिनेमात असे चेहरे त्याने बघितलेले आहेत. उलट "पुन्हा जाईन" म्हणणारा, मुकादमाला शिव्या घालणारा म्हातारा कुठेच बघितलेला नव्हता, म्हणून तो समोर असूनही त्याला शॉट वाटला नाही. माझ्या मते पूर्ण प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा ही आहे आणि तिच्यावर अजून दोन तास घालायला हवे होते, पण सहामाही आली.

यूट्यूबच्या फुटेजचं पटकन सांगते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२, यात शिकवताना शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला सूट आहे, आणि शाळेच्या कार्यक्रमात फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित लोकांपुढे फिल्म दाखवायलाही. म्हणजे हॉलमध्ये दाखवलं तोवर ठीक. चॅनलवर टाकलं की जगाला दाखवलं, तिथे ही सूट पांघरून बसता येत नाही. सरांना हे पटलं नाही, पण बाईंनी क्लिप काढायला लावली. तसंच ज्याला शूट केलं त्याची लेखी परवानगी, आणि मुलं फ्रेममध्ये असतील तर त्यांच्या पालकांची. रेल्वेच्या हद्दीत शूट करायचं नाही, परवानगी लागते, एका गटाला करी रोड स्टेशनवरून पोलिसाने हाकललं होतं.

मग दुसरी आवृत्ती. गट परत आजोबांकडे गेला. आजोबा म्हणाले या, पण कुकर उतरल्यावर या. या वेळी शटर लॉक, दुसरा फोन बंडीच्या खिशात, पंखा बंद, आजींना आधी विनंती. तोच प्रश्न. आणि उत्तर? दोन वाक्यं. "चूक नव्हती. कामगार बरोबर होता." भाषणासारखं, ताठ बसून. कारण आता त्यांना माहीत होतं की हे महत्त्वाचं आहे, सगळे बघणार आहेत. इंटरव्ह्यू घेणाऱ्या कोणालाही विचारा, पहिलं उत्तर परत येत नाही. चित्र सुंदर, आवाज सुंदर, माणूस गायब.

पोरं हिरमुसली. मी काही बोलले नाही, मला बघायचं होतं काय करतात. एडिटर पोरानेच सुचवलं की जुनंच उत्तर घेऊ, शिट्टीसकट, आणि खाली अक्षरं टाकू. लांब होतं म्हणून वर्गणीचा भाग गेला, शिवी गेली (सरांनी घालवली, आजोबांचा विरोध होता), पण कापलं तिथे दर वेळी अर्धा सेकंद काळा पडदा, म्हणजे बघणाऱ्याला कळावं इथे काहीतरी काढलंय. पट्टे झाकायला कॅमेरावाल्याने दुसऱ्या दिवशी शूट केलेले हातांचे शॉट लावायचे म्हटले आणि पुन्हा भांडण, कारण आवाजवाली म्हणाली की हात दुसऱ्या दिवशीचे, मग हेही खोटंच. बाई म्हणाल्या खोटं. मी म्हटलं नाही, शब्द त्यांचेच, त्याच प्रश्नाचे, त्याच क्रमाने, हात काही उत्तर देत नाहीत. बाईंना अजून पटलेलं नाही, आमचं यावर आजही एकमत नाही. शेवटी तडजोड अशी झाली की मधे हात लावायचे पण "पुन्हा जाईन" ला चेहराच, पट्टे सरकत असले तरी. चहाची वाट बघणारे नऊ सेकंद पोराने फिल्मच्या अगदी सुरुवातीला टाकले आणि त्याच्यावर आजोबांचाच त्या वेळचा आवाज ठेवला, "च्या झाला का गं?" बासरी काढली. या वेळी आजोबांना फिल्म वर्गाच्या आधी, खोलीत बसून, फोनवर दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली आणि म्हणाले शिवी ठेवायला पाहिजे होती.

मार्कांचं असं झालं. आधी २० पैकी १५ पूर्ण झालेल्या फिल्मला आणि ५ सादरीकरणाला होते, म्हणजे ज्याच्या भावाकडे बरा फोन त्याला पाच मार्क जास्त, सरळ हिशोब आहे. आता फिल्मला ६, तोंडीला ६ आणि ८ मार्क कटवहीला. कटवही म्हणजे साधी शंभर पानी वही, प्रत्येक मोठ्या कटसाठी तीन गोष्टी लिहायच्या: हा शॉट मुळात कुठे होता, कुठे नेला, का नेला. पहिल्या आठवड्यात पोरांनी सगळीकडे 'छान वाटलं म्हणून' लिहिलं, बाईंनी लाल पेनाने 'कोणाला?' असं विचारत परत दिल्या, दुसऱ्या वेळी बऱ्या आल्या. एडिटर पोराची वही सगळ्यात जाड. नऊ सेकंदांवर त्याने दीड पान लिहिलंय, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब, पण त्यात एक वाक्य आहे की उत्तर काढलं तेव्हा मला वाटलं मी आवाजाचा प्रॉब्लेम सोडवतोय. त्याला नव्या हिशोबाने १७ मिळाले. बाईंच्या मते जास्त आहेत. नातीला १२, आणि ते मला कमी वाटतात.

दुसरी आवृत्ती शाळांच्या एका स्पर्धेला पाठवली, पहिल्याच फेरीत बाहेर. सर अजून म्हणतात पहिली पाठवली असती तर ढाल आली असती, आणि येऊही शकली असती, नाही कशाला म्हणू.

यंदाच्या नववीला बाईंनी पहिलाच गृहपाठ बदललाय. एका माणसाला एक मिनिट बोलतं करायचं, त्याच मिनिटाचे दोन कट करायचे, एकात तो माणूस बरोबर वाटला पाहिजे आणि दुसऱ्यात चूक, आणि दोन्ही आधी त्या माणसाला दाखवायचे, मगच वर्गात आणायचे. यंदा पोरांनी पहिला माणूस निवडलाय मुख्याध्यापक सर, विषय शनिवारचे दोन तास बंद करावेत का. सर तयार झालेत, फक्त प्रश्न आधी लेखी द्या म्हणालेत.